चियांग मायची सासू

चिरंजीवांचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी पेपर वाचत होतो आणि ही आत भाकरी थापत होती. थायलंडच्या सहलीचं सगळं त्यानंच ठरवलं होतं. "बाबा, चियांग मायला गुरुवारचा दिवस मोकळा आहे. त्या दिवशी तुम्हा दोघांचा कुकिंग क्लास बुक केलाय. एका बाईंच्या घरीच असतो. मस्त अनुभव आहे."

मला फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायची सवय. आतला थाप-थाप आवाज थांबला.

"स्वयंपाक?" आतून आलं. मग थोडी शांतता. "मला?" परत शांतता. "शिकायला?"

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथं सीतास्वयंवर रंगभूमीवर आणलं, त्याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. पण एकेका शब्दाचा एकेक अंक करून तीन अंकी नाटक उभं करावं ते साताऱ्याच्या माणसानं. आमची ही माहेरची साताऱ्याची.

तिचंही बरोबरच होतं म्हणा. मी बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस, आकडेमोड आपोआप होते. लग्नाला अडतीस वर्षं झाली. दिवसाला दहा भाकऱ्या धरल्या तरी एक लाख अडतीस हजार सातशे होतात, लीप वर्षांच्या वेगळ्या. एवढ्या भाकऱ्या थापलेल्या बाईला माणशी हजार बाहत, म्हणजे आपले अडीच हजाराच्या घरातले रुपये भरून कांदा चिरायला शिकवणार होते. माझी गोष्ट निराळी. माझ्या नावावर स्वयंपाकघरातली कामगिरी एकच: दूध उतू जाताना मी ते प्रत्यक्ष पाहिलं होतं, आणि तसं हाक मारून कळवलंही होतं.

आता थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी. सातारा आणि सांगली यांच्यात अंतर सव्वाशे किलोमीटर, पण नदी एकच. कृष्णा महाबळेश्वराहून निघते, वाई करते, माहुलीला वेण्णेला भेटते, कऱ्हाडला कोयनेला घेते आणि मग आमच्याकडे येते. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी कृष्णाकाठच्या वांग्यांचं फार कौतुक केलं, तर ही म्हणाली, "आमचं वापरून झालेलं पाणी पिऊन एवढी चांगली येतात, नवलच आहे." इतिहासही तिच्याच बाजूनं उभा राहतो. 1949 साली सातारा जिल्हा तोडून दक्षिण सातारा केला, त्याला सांगली हे नाव मिळालं ते 1960 साली. म्हणजे अकरा वर्षं आम्ही सरकारी कागदावर साताऱ्याचं मागचं अंगण होतो. भांडण हरायला लागलं की ती हा मुद्दा अजून काढते.

खरा वाद मात्र खर्ड्याचा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं खर्डा केला. हिरव्या मिरच्या तव्यावर भाजल्या, लसूण, मीठ, आणि भाजलेले शेंगदाणे घालून तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडला. आमच्या आईनं बोटाच्या टोकावर घेतला, जिभेला लावला आणि शांतपणे म्हणाली, "छान झालाय. आमच्याकडे शेंगदाणे घालत नाहीत." एवढंच. आई जाऊन बारा वर्षं झाली. ते वाक्य अजून घरात आहे.

त्यातून सुटका व्हावी म्हणून हिनं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आणलं होतं. कमलाबाई सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या. 1970 साली त्यांचं पुस्तक निघालं आणि अंदाजानं चाललेला मराठी स्वयंपाक वाटी-चमच्याच्या मापात आला. लोक त्यांना लाखभर सुनांची सासू म्हणत. आमच्या घरची प्रत तेलानं पारदर्शक झालेली आहे. मला वाटायचं, ही त्यातून शिकली. परवा सहज विचारलं तर म्हणाली, "शिकायला कशाला? तुमच्या आईपुढं पुरावा म्हणून आणलं होतं."

तर अशी ही बाई गुरुवारी सकाळी साडेआठला चियांग मायच्या हॉटेलाबाहेर पर्स काखेत धरून उभी होती. पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत भडंग होतं. "तिथं काय खायला घालतील काय माहीत," म्हणाली. स्वयंपाकाच्या क्लासला डबा घेऊन जाणारी ती पहिलीच असावी.

एक छोटी गाडी आली. आत हॉलंडचं एक जोडपं, दोन कोरियन मुली आणि एक उंचच्या उंच जर्मन पोरगा. शिकवणाऱ्या बाई पुढे बसल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चेहरा हसरा आणि नजर मात्र हेडमास्तरांची. त्यांचं इंग्रजी आणि आमचं इंग्रजी एकाच उंचीचं निघालं, त्यामुळे संवादाची अडचण आली नाही. अडचण डच जोडप्याला आली.

आधी बाजार. चियांग माय हे जुनं शहर, 1296 साली मंगराय राजानं वसवलेलं, चौकोनी खंदकाच्या आतलं. पण बाजार तो बाजारच. हिनं आत पाऊल टाकलं आणि तिच्या चालीत एकदम फरक पडला. विमानतळावर, हॉटेलात, देवळात ती माझ्या मागून दोन पावलं चालत होती. इथं मी तिच्या मागे, हातात पिशवी. सांगलीच्या मंडईत असतो तसाच.

मास्तरीणबाई एकेक जिन्नस वर धरून नाव सांगत होत्या. गवती चहाची जुडी दाखवली. "हा आमच्याकडे चहात," ही म्हणाली. "आमच्याकडे सूपमध्ये," बाई म्हणाल्या. दोघींनी एकमेकींकडे जरा कीव करत पाहिलं. आल्यासारखं दिसणारं एक मूळ दाखवलं, ते कुळिंजन. आमच्याकडे गवई लोक घसा साफ राहावा म्हणून तोंडात धरतात ते. सांगलीत नाटकांच्या तालमी बघत वाढल्यामुळे तेवढं मला ओळखू आलं. त्याची आमटी होते हे नवीन. मग ओल्या हळदीचं कांड आलं आणि मला राहवेना. मी सांगितलं, आमचं गाव हळदीच्या व्यापाराचं, 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, जवळच हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर जमिनीत पेवं खणून वर्षानुवर्षं हळद साठवत, 2005 च्या महापुरात पाणी शिरून मोठं नुकसान झालं. बाईंनी सगळं मान हलवत ऐकलं आणि म्हणाल्या, "ओके. हाफ स्पून."

वांग्यांपाशी मात्र क्लास थांबला. तिथं लिंबाएवढी गोल, हिरवी-पांढरी वांगी, आणि शेजारी वाटाण्याएवढी, घोसानं लागलेली. हिनं एक उचललं, देठाकडे दाबलं, कानाशी नेलं नाही एवढंच. "कवळी आहेत का?" अस्सल मराठीत विचारलं. भाजीवाली तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. ही म्हणाली, "बघा हं, नाहीतर आत बी निघायचं." ती परत काहीतरी म्हणाली आणि टोपलीच्या तळातली चार काढून दिली. वरची सगळी बाजूला सारून तळातली द्यायची ही भानगड शब्दांशिवाय कशी ठरली, मला अजून कळलेलं नाही. वर तिनं कोथिंबिरीची काडी फुकट मागून घेतली. तीही मिळाली. मुळांसकट.

मुळांवरून पुढे गंमत झाली. बाईंचं घर गावाबाहेर, आंब्याच्या झाडाखाली पत्र्याची शेड, प्रत्येकाला एक शेगडी, एक खोलगट कढई आणि एक दगडी उखळ. उखळाला ते 'ख्रोक' म्हणतात. कुटताना येतो तो आवाजच नाव म्हणून ठेवलाय असं वाटतं. हिनं सवयीनं कोथिंबिरीची मुळं तोडली आणि कचऱ्याच्या डब्याकडे हात नेला. बाई जवळजवळ धावल्या. "नो, नो! बेस्ट पार्ट!" मुळं धुऊन, चिरून, मिरचीबरोबर कुटायची. पानं वरून शोभेला. ही माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अडतीस वर्षं मंडईतली बाई मुळं तोडून टाकत होती. आणि मी तिला 'नीट तोड गं' म्हणत होते."

मग वार निघाला. त्या दिवशी गुरुवार. गुरुवारी ही मासळी खात नाही, आणि थाई स्वयंपाकात माशाचं पाणी आणि वाटलेल्या सुकटीचा गोळा आपल्या मिठासारखा सगळीकडे. मी बाईंना "नो फिश" सांगितलं. बाईंचा चेहरा उजळला. "आ, जे!" जे म्हणजे त्यांच्याकडचं कडक शाकाहारी जेवण, त्यात कांदा-लसूणही चालत नाही. त्यांचा नऊ दिवसांचा शाकाहाराचा सण असतो, तो बहुधा आपल्या नवरात्राच्याच सुमाराला येतो. बाईंनी लगेच हिच्या पुढ्यातला कांदा आणि लसूण उचलला. ही घाबरली. "अहो, त्यांना सांगा, एवढा कडक नाही आमचा वार. मासा तेवढा काढा." बराच खल झाल्यावर मासा गेला, लसूण राहिला, आणि माशाच्या पाण्याऐवजी सोयाबीनचं पाणी आलं.

आता कुटणं. भिजवलेल्या लाल मिरच्या, जाडं मीठ, कुळिंजन, गवती चहा, लिंबाची साल, कोथिंबिरीची मुळं, छोटे कांदे, लसूण. सगळं आधीच चिनीमातीच्या छोट्या बश्यांत मोजून ठेवलेलं. हिला ते आवडलं नाही. "मीठसुद्धा दुसऱ्यानं मोजून दिलं तर आपण करायचं काय?"

मी मात्र खूश होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी स्वयंपाकघरात उभं राहू दिलं होतं. आमच्या घरी बाप्या माणूस चुलीच्या तीन हातांत आला की आई म्हणायची, "काय हवं ते बाहेर मिळेल." पुढे हिनंही तेच कलम कायम ठेवलं. इथं एक परकी बाई माझ्या हातात बत्ता देऊन "स्ट्राँग! स्ट्राँग!" म्हणत होती. मी लावला जोर. पहिल्या ठोक्याला एक मिरची उडून जर्मन पोराच्या शर्टावर बसली. दुसऱ्या ठोक्याला मिठाचे खडे माझ्या चष्म्यावर. मग हिनं शेजारून हात घातला, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "उचलून आपटू नका, जाऊ द्या. त्याच्या वजनानंच कुटतं. एका हातानं तोंड झाका." अडतीस वर्षांत तिनं मला दिलेला हा स्वयंपाकाचा पहिला धडा. तो द्यायला दोघांना चियांग मायला यावं लागलं.

पंधरा मिनिटांत सगळा चिकट लाल गोळा झाला. हिनं वास घेतला. "ही चटणी की हो!"

इथं परगावच्या वाचकासाठी सांगतो. चटणी म्हणजे आमच्याकडे ताटाच्या डावीकडे वाढायची ती नव्हे. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत चटणी म्हणजे कांदा-लसणाचं तिखट, वर्षाचं एकदम करून ठेवायचं, ज्याच्यावर आमटी, रस्सा, झुणका, सगळं चालतं. एप्रिलमध्ये रंगाला ब्याडगी आणि तिखटाला दुसरी मिरची आणायची, धने, तीळ, खोबरं, खसखस भाजायची, कांदा उन्हात वाळवून तळायचा आणि सगळं डंकावर नेऊन कुटून आणायचं. त्या पंधरवड्यात अख्खी गल्ली शिंकत असते. आमचं ते किलोनं आणि वर्षाचं, यांचं मुठीएवढं आणि दुपारपुरतं, इतकाच काय तो फरक.

आणि मिरची तरी कुणाची? ना त्यांची, ना आपली. अमेरिकेतली ही बाई पोर्तुगिजांच्या गलबतातून आली. त्यांनी 1510 साली गोवा घेतलं, पुढच्याच वर्षी मलाक्का, आणि तिथून लगोलग सयामच्या राजाकडे वकील पाठवला. त्याआधी आपण तिखटाला मिरी वापरत होतो, तेही मिरीच वापरत. आपण मिरीवरून हिचं नाव मिरची ठेवलं. त्यांनी तर मिरीचं 'फ्रिक' हे नावच काढून मिरचीला दिलं, आणि घरच्या मिरीला आता 'फ्रिक थाई', म्हणजे 'थाई मिरची', म्हणून हाक मारतात. घरात आलेल्या सुनेनं नाव घ्यावं आणि सासूला 'जुन्या वहिनी' म्हणावं, तशातला प्रकार. हे मी हिला उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "कुटता कुटता बोला, थांबू नका."

आमटी झाली, भात झाला. भात म्हणजे तो चिकट, बांबूच्या टोपलीत उकडीच्या मोदकासारखा वाफवलेला, हातानं गोळा करून खायचा. आणि मग बाई म्हणाल्या, आता आमच्या उत्तरेकडची खासियत. नाम फ्रिक नुम.

त्यांनी लांब हिरव्या मिरच्या घेतल्या. जाळावर भाजल्या. काळ्या डागांची साल जरा काढली. भाजलेला लसूण, भाजलेले छोटे कांदे, मीठ. उखळात घातलं. ठक, ठक, ठक. कोरियन मुली मोबाईलवर चित्रण करत होत्या. डच गृहस्थ वहीत टिपण घेत होते. मी हिच्याकडे बघत होतो. तिचे डोळे बारीक होत गेले, ओठ घट्ट मिटले, आणि मग ती मराठीतच, अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशी म्हणाली, "अहो, हा खर्डा आहे."

"आहे खरा."

"खर्डा शिकायला अडीच हजार घेतले?"

"दोघांचे पाच."

ती उठली. सोम ताम नावाच्या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीसाठी भाजलेले शेंगदाणे वाटीत ठेवले होते, त्यातले मूठभर घेतले, बाईंच्या उखळात टाकले आणि बाईंच्या हातातला बत्ता आदबीनं काढून घेतला. चार ठोके, एक फिरवणी. मनगट तेच, जे इतकी वर्षं मी जेवणाच्या टेबलावरून फक्त ऐकत आलो होतो. मग भाताचा छोटा गोळा त्यात बुडवून बाईंपुढे धरला. "ईट."

मला वाटलं, आता बाई थक्क होतील, मिठी मारतील, पाककृती लिहून घेतील. सिनेमात असंच असतं.

बाईंनी सावकाश चावलं. गिळलं. पाण्याचा घोट घेतला. मान तिरकी करून, चेहऱ्यावरचं हसू जराही न ढळू देता त्या म्हणाल्या, "व्हेरी नाइस. बट इन माय हाउस, नो पीनट."

क्षणभर शेडमध्ये फक्त पंख्याचा आवाज होता. तीच मान, तोच सूर, तेवढाच गोडवा. फरक नऊवारीचा तेवढा.

"सासू इथंही भेटली," ही म्हणाली, आणि हसायला लागली. ती अशी हसायला लागली की पर्समधल्या भडंगाची पिशवी फुटली. शेवटी ते भडंग बाईंनीच बशीत काढलं, सगळ्यांत फिरवलं. जर्मन पोरानं तीनदा घेतलं. त्यात मात्र शेंगदाणे असलेले बाईंना चालले.

निघताना प्रत्येकाला नाव घातलेलं प्रशस्तिपत्रक आणि पाककृतींचं छोटं पुस्तक मिळालं. मी माझं प्रशस्तिपत्रक सांगलीत आल्यावर प्लास्टिकमध्ये घालून बैठकीत लावलं. पदवीचं प्रमाणपत्र तिथून माळ्यावर गेलं. हिचं मसाल्याच्या खणात डब्यांखाली अंथरलेलं आहे. जाड कागद आहे, तेल पुसायला बरा पडतो.

मला वाटलं, प्रकरण संपलं. एप्रिल उजाडला. एका सकाळी दारात दोन पितळी डबे, मिरच्यांची गोणी आणि भाजक्या मसाल्याचं पातेलं मांडलेलं. "तुमचं शिक्षण झालंय ना," ही म्हणाली, "मग यंदा डंकावर तुम्हीच जा." डंकावर नंबर लावून बसावं लागतं, आणि आपला माल कुटताना तिथून हलायचं नसतं, नाहीतर शेजारणीची मिरची आपल्यात आणि आपलं खोबरं तिच्यात जातं. मी नाकाला रुमाल बांधून तीन तास बसलो. रांगेत मी एकटा बाप्या. डंकवाल्या बाईंनी विचारलं, "साहेब, वहिनींना बरं नाही काय?" मी म्हटलं, मी थायलंडला कुटायला शिकून आलोय. त्यांनी माझ्या हातात चाळण दिली. "मग चाळा."

पातेल्यातलं घमेल्यात ओतताना एक गोष्ट दिसली. तळलेल्या कोथिंबिरीत, कांद्याच्या खाली, बारीक चिरून वाळवलेली पांढरट मुळं होती. बरीच होती. मी काही बोललो नाही. बोलायचं कशाला? तोंडाला रुमाल होता.

मे महिन्यात नेहमीप्रमाणे दोन किलो चटणी घेऊन साताऱ्याला गेलो. सासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत, जीभ मात्र चाळिशीचीच. "आलासा जावईबापू, बसा," म्हणाल्या आणि डबा उघडायला लावला. पानात चटणी, त्यावर तेल, भाकरीचा तुकडा. एकदा खाल्लं, मग दुसऱ्यांदा, जरा हळू.

"यंदा चटणीला काय गं घातलंस? वास येगळा येतोय."

"काही नाही आई," ही तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "डंकावर आपल्या आधी कुणाचं तरी दुसरंच कुटलं असंल. यंदा ह्यांना पाठवलं होतं ना, ह्यांचं लक्ष नसतंय."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला आणि चटणीवर तेल जरा जास्तच ओतून घेतलं.